डाव्या खांद्याचा भराव

८ जून

बॉबिन,

मायना काय लिहावा यात दोन कप चहा संपला. 'चिरंजीव' लिहिलं तर तू म्हणशील, आईने शाळेतलं निबंधाचं पुस्तक काढलं. म्हणून घरातलंच नाव लिहिलं. ते वाचून राग आला तर येऊ दे. राग आला म्हणजे निदान पाकीट उघडलंस, एवढं तरी मला कळेल. म्हणजे कळणार नाहीच, पण धरून चालेन.

पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या मैत्रिणीकडून काढला. तिला बोलू नकोस. ड्रेसच्या बाह्या आखूड करायला आली होती, आणि पत्ता दिल्याशिवाय बाह्या मिळणार नाहीत असं मी तिला सरळ सांगितलं. काय करणार? फोन तू उचलत नाहीस. आधी आठवड्यातून एकदा लावायचे, आता महिन्यातून एकदा लावते. रिंग संपल्यावर ती बाई जे बोलते ते मला तोंडपाठ झालंय. तीन वर्षांत सगळ्यात जास्त बोलणं तिच्याशीच झालं.

आता मुद्द्याचं. मला एक ऑर्डर आली आहे. पोट शिवायची.

काजमावशी इतकी हसली की तिचं काज चुकलं. (हो, अजून आपल्याकडेच असते. काजं करते, बटणं लावते आणि उरलेल्या वेळात गल्लीची धुणी धुते.) झालं असं, मागच्या रस्त्यावर नर्सिंगचं कॉलेज आहे ना, तिथे मुलींना शरीरशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम ॲप्रनचा फाटलेला खिसा घेऊन आल्या. मी शिवलेला खिसा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही जठर शिवाल का?" मी म्हटलं, नमुना आणा. त्यांनी चक्क नमुना आणला! त्यांच्याकडचं प्लास्टिकचं मॉडेल जुनं झालंय, झाकणं हरवलीत, एक मूत्रपिंड कुणी दारात अडकवायला नेलंय. त्यांना कापडाचे अवयव हवेत. आत कापूस भरलेले, मुलींना उचलता येतील, उघडता येतील आणि जागच्या जागी परत बसवता येतील असे.

मी त्यांना म्हटलं, मॅडम, तीस वर्षं मी माणसं बाहेरून मोजतेय, आत काय असतं याची चौकशी कधी केली नाही. पट्टी लावली की सगळे पोट आत घेतात आणि ड्रेस शिवून झाला की बाहेर सोडतात, एवढंच मला पोटाबद्दल ठाऊक. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, मग आतून शिका.

तर तुझी आई शिकतेय. पहिल्याच दिवशी कळलं की हृदय इतकं डावीकडे नसतंच. मधल्या हाडाच्या मागे असतं, जरासं डावीकडे कललेलं. आणि मी तीस वर्षं शर्टाचा खिसा हृदयावर लावते असं लोकांना सांगत आले.

तू असतीस तर खूप हसली असतीस. संध्याकाळी दुकान बंद करताना अजून मी आत वळून म्हणते, चल गं. मग कुलूप लावते.

आई

२९ जून

बॉबिन,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. (धरलं होतं.)

आतड्याची गंमत सांगते. मॅडम म्हणाल्या, लहान आतडं वीस फूट, मोठं पाच. मी म्हटलं, मॅडम, मापात काहीतरी चुकतंय, कमरेचा घेर अठ्ठावीस आणि आत पंचवीस फुटांची पिशवी? त्या म्हणाल्या, हेच मुलींना समजावताना माझा घसा बसतो. मी गुलाबी पॉपलीनची वीस फुटी नळी शिवली. काजमावशी आणि मी मिळून तिच्यात कापूस कोंबला. दुकानभर आतडंच आतडं. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. मावशी म्हणाली, "अगंबाई, आपल्या सगळ्यांच्या पोटात हे असं? आणि वर आपण एकमेकींना म्हणतो, तिच्या पोटात काही राहत नाही!"

पण नळी काही केल्या पोटात नीट बसेना. कोंबली की गाठी पडायच्या. मग मॅडमनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. आतडं मोकळं नसतंच. ते एका पातळ पडद्याला कडेने जोडलेलं असतं आणि तो पडदा पाठीच्या बाजूला जेमतेम वीतभर जागेत धरलेला असतो. मी चित्र बघितलं आणि ओरडलेच, "ही तर झालर!" एका बाजूला वीस फूट कड, दुसऱ्या बाजूला चुण्या घालून वीतभर. तुझ्या चौथ्या वाढदिवसाच्या फ्रॉकला लावली होती तीच, फक्त जरा जास्त घेराची. अर्ध्या तासात बसवून दिली. मॅडमनी झालर ओढून बघितली. म्हणाल्या, "ताई, हे समजायला मला कॉलेजात आठवडा लागला होता." मी आठ दिवस हवेत होते.

तो फ्रॉक आठवतो का तुला? गरगर फिरायचीस आणि झालर उभी राहायची. बॉबिन नाव तेव्हाच पडलं.

तुझा वाढदिवस जवळ आलाय. कोट शिवून पाठवलाय, वेगळ्या पार्सलने. राखाडी लोकरी कापड, आत निळं अस्तर. वहीतल्या जुन्याच मापावर बेतला. वाळली असशील किंवा सुटली असशील तर शिलाईत दीड इंच माया सोडली आहे. तिथल्या कुणा टेलरकडे मात्र देऊ नकोस. तुझं माप बाहेरच्या माणसाला जमायचं नाही.

बसला का, एवढंच कळव. एक शब्द पुरे.

आई

२० जुलै

बॉबिन,

पार्सलची पोचपावती आली. त्यावर तुझी सही आहे. सही बदललीस. आधी शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढायचीस, आता नुसतं टिंब. पावती मापवहीत ठेवली आहे. दिवसातून दोनदा तरी ती वही उघडते, आणि गिऱ्हाइकांना वाटतं त्यांचं माप बघतेय.

फुप्फुसं झाली. तुला माहीत होतं का, उजव्याला तीन भाग असतात आणि डाव्याला दोनच? हृदयाला जागा द्यायला डावं आखूड बेतलेलं. यकृत उजवीकडे, जठर डावीकडे, उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली. सगळा माल तिरका! मी मॅडमना म्हटलं, हे तर आम्ही टेलर लोक कधीपासून जाणून आहोत. दोन्ही बाजू सारख्या असलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. कुणाचा एक हात लांब, कुणाची एक बाजू जाड, कुणाचा खांदा उतरता. गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, गुपचूप सांभाळून घ्यायचं असतं. ही आमची विद्या. मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं.

आज एक गोष्ट लिहायची आहे. तू गेलीस त्या दिवशीची.

तू मशीनवर अर्धा तास बसलीस की उठायचीस. पाठ दुखते म्हणायचीस, कमरेला हात लावून भिंतीला टेकायचीस. मला वाटायचं, पोरीला माझ्या कामाची लाज वाटते. शिकली, इंग्रजी बोलली, आता आईचं मशीन तिला टोचतं. तुझे बाबा गेल्यावर याच मशीनने घर चाललं, आणि त्याच मशीनसमोर माझी मुलगी तोंड वाकडं करून बसते. म्हणून त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर बोलले. "पाठ दुखायला तू काय पोती उचलतेस? नाटकं आहेत नुसती. सरळ सांग ना, शिवणकाम कमीपणाचं वाटतं." दोन बायका हसल्या. तू कात्री खाली ठेवलीस. हळूच ठेवलीस, आपटली नाहीस. तीच हळू ठेवलेली कात्री मला अजून दिसते.

चुकलं माझं. हे तीन वर्षांत लिहिता आलं नाही, कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही तशातली मी. आज लिहिलं.

आई

१७ ऑगस्ट

बॉबिन,

सध्या पाठीचा कणा शिवतेय. मानेचे सात मणके, पाठीचे बारा, कमरेचे पाच, खाली जुळून एक झालेले वेगळे. पांढऱ्या जाड कापडाच्या चोवीस उशा आणि मध्ये निळ्या फेल्टच्या चकत्या. सगळं एका जाड इलास्टिकमध्ये ओवलंय, म्हणजे वाकवता येतं. बाजूने बघितलं तर कणा सरळ नसतो. मान आत, पाठ बाहेर, कंबर परत आत. पण समोरून बघितलं तर एका ओळीत, ओळंबा सोडल्यासारखा.

परवा मॅडमनी मला वर्गात बोलावलं. म्हणाल्या, तुमचं काम मुली कसं वापरतात बघा तरी. मागच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसले. मॅडमनी माझा कणा उचलून मुलींना दाखवला आणि मग एका बाजूला वाकवला. म्हणाल्या, काही मुलींचा कणा वाढीच्या वयात असा बाजूला वळत जातो. दहा ते पंधराच्या दरम्यान. एक खांदा खाली येतो, पाठीचं एक पातं वर दिसतं, कमरेची एक बाजू खोल होते. बऱ्याचदा त्या वयात दुखतसुद्धा नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. वेळेवर कळलं तर वाढ चालू असेपर्यंत पट्टा लावून तो थोपवता येतो.

एका मुलीने विचारलं, "मग आधी कुणाला कळतं, आईला की डॉक्टरला?"

मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू? पुष्कळदा टेलरला. फ्रॉकची खालची कड एका बाजूला वर जाते, गळा सरकतो. मागे बसल्यात ना ताई, त्यांना विचारा."

तीस मुली मागे वळल्या. कौतुकाने बघत होत्या गं.

मी म्हटलं, "हो. येतं लक्षात."

शाई संपत आली आहे. बाकी ठीक.

आई

२ सप्टेंबर

बॉबिन,

शाई संपली नव्हती. पंधरा दिवस मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आता जसं येईल तसं लिहिते, काही खोडणार नाही.

तू सहावीत होतीस. शाळेच्या गणवेशाचं माप घेत होते. खांदा ते कंबर आपण एकाच बाजूने मोजतो, दोन्ही बाजूंनी मोजायची पद्धत नाही. पण तुझा फ्रॉक डावीकडून झोल धरत होता म्हणून मी दुसरी बाजूही मोजली. डावीकडे अर्धा इंच कमी. मी वहीत लिहिलं, 'डा. अर्धा कमी'. आणि डाव्या खांद्यात वॅडिंगचा, म्हणजे कापसाच्या भरावाचा, एक थर घातला. झोल गेला. तू आरशासमोर फिरलीस, एकदम छान दिसलीस.

सातवीत अर्धा इंच आणि वर एक सूत. आठवीत तू भराभर उंच झालीस, मे महिन्यातला फ्रॉक सप्टेंबरला आखूड. त्या वर्षी पाऊण. भरावाचे दोन थर. डाव्या कमरेचा टक सोडला, उजवीकडचा वाढवला, खालची कड एका बाजूने उतरती कापली. नववीत एक इंच. तीन थर. पुढे तेवढंच राहिलं.

शाळेत डॉक्टर आले होते आठवतं? एका सकाळी चारशे मुली, आणि सगळ्या गणवेशात. तुझ्या कार्डावर लिहिलं, 'शरीरयष्टी उत्तम'. बॉबिन, ते कार्ड वाचून मला काय वाटलं असेल सांगू? मला अभिमान वाटला. माझ्या शिलाईचा. डॉक्टरलासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही असं मी काजमावशीला सांगितलं. तीही हसली.

तुझी आत्या एकदा म्हणाली होती, "पोरगी एका अंगाला कलते की काय गं?" मी लगेच कापड काढलं. तुला पिवळा ड्रेस शिवला, असा बेतला की आत्याने तुला चारदा फिरवून बघितलं आणि मुकाट चहा घेतला. मी जिंकले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी वर्षानुवर्षं ती मूठ दाबून धरली, आणि मुठीत काय आहे ते उघडून बघितलं नाही.

मला माहीत नव्हतं हे खरं आहे. मला वाटायचं सगळ्यांचंच थोडं असतं. पण सगळ्यांचं दर वर्षी वाढत नाही. तुझं वाढत होतं आणि मीच ते तारीख घालून लिहून ठेवत होते. कुठल्या डॉक्टरकडे नसेल इतकी पक्की नोंद माझ्या वहीत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण मी तर वळसाही घातला नाही. एकदाही तुला कुणाला दाखवलं नाही. आणि खरं कारण विचारशील तर हे आहे की टेलरची मुलगी वाकडी दिसते असं कुणी म्हणायला नको होतं. तुझ्या लग्नाबिग्नाचा विचार नव्हता. माझ्या दुकानाचा होता.

आणि वर मीच तुला म्हटलं, नाटकं करतेस.

तुझी पाठ खरंच दुखत होती. वाकून मशीनवर बसणं तुला जड जात होतं. ते तुला कळत नव्हतं आणि मला कळायला हवं होतं.

आता तीन गोष्टी कर. रागावून कर, शिव्या देत कर, पण कर.

एक, मी पाठवलेल्या कोटाचं डाव्या खांद्याजवळचं अस्तर उसव. हात शिलाई आहे, एक टाका कापलास की सुटत जाईल. आत तीन थरांचा भराव आहे. उजवीकडे काही नाही. हात लावून बघ. मी नुसतं सांगितलं तर तू म्हणशील, आई आता नवीन काहीतरी रडगाणं काढते.

दोन, सोबत वहीची पानं आहेत. सहावीपासून तू गेलीस तोपर्यंतची, सगळी. तीस वर्षांत मी वहीचं पान फाडलं नाही. गिऱ्हाईक मेलं तरी पान ठेवते. ही फाडली.

तीन, ती पानं घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जा. पाठीचा फोटो काढायला सांग. कुणाचं ते न सांगता मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या की पट्ट्याचं वय गेलं, पण व्यायाम असतो, बसायच्या पद्धती असतात, आणि बाक किती आहे हे तरी कळायला हवं.

माझ्याशी बोलू नकोस. पण डॉक्टरकडे जा.

आई

११ ऑक्टोबर

बॉबिन,

हे पत्र छोटं आहे. गेलीस का, एवढंच विचारायला.

मॅडमना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं उठून जातील. त्यांनी कापडाच्या कण्यातला एक मणका हातात फिरवला. मग म्हणाल्या, "ताई, बाक तुमच्या भरावामुळे आला नाही. तो का येतो हे बहुतेक वेळा डॉक्टरांनाही कळत नाही." मी म्हटलं, पण भरावामुळे तो दिसला नाही. त्या म्हणाल्या, "हो. ते खरं आहे." खोटं समाधान केलं नाही म्हणून मला त्या अजून आवडतात.

त्यांनी माझ्याकडून एक काम करून घेतलं. आता नवीन मुलींना तो कण्याचा तास मीच घेते, म्हणजे मॅडम शेजारी उभ्या असतात. मुली एकमेकींचं माप घेतात, दोन्ही बाजूंनी. खांदा ते कंबर उजवं, खांदा ते कंबर डावं. मी सांगते, फरक दिसला तर भराव घालू नका, बोला. परवा एकीने विचारलं, "काकू, तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, घरी.

आता नवीन गिऱ्हाइकांचेही दोन्ही खांदे मोजते आणि तोंडावर सांगते. दोन जणी रागावून गेल्या. एक आई मुलीला घेऊन खरंच डॉक्टरकडे गेली. त्या मुलीचं काही नव्हतं, नुसतं एका खांद्यावरचं जड दप्तर. मला इतका आनंद झाला की मी तिचा फ्रॉक फुकट शिवला आणि मग मागच्या खोलीत जाऊन रडले.

बॉबिन, तुझी फार आठवण येते. तुला मोजून तीन वर्षं झाली. तुझी उंची वाढणार नाही आता हे मला कळतं, पण बाकीचं सगळं बदललं असेल, आणि वहीत तुझं पानसुद्धा राहिलं नाही.

आई

३ डिसेंबर

बॉबिन,

तुझं पाकीट काल आलं. फुगलेलं होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, मी सगळ्यांना उद्या या म्हटलं. कात्रीने कड कापली आणि आधी आतून भराव पडला. राखाडी कोटातला, तीन थरांचा, माझ्याच हाताची टीप असलेला. चिठ्ठी नाही, काही नाही असं वाटलं. मी तो हातात घेऊन उभी राहिले. म्हटलं, बरोबर आहे, माझं मला परत केलं. काजमावशी म्हणाली, "अगं, पाकिटात अजून कागद आहे, आंधळी झालीस का?"

कागदावर माणसाची रेघारेघांची चित्रं. एक चटईवर आडवं झालंय, एक भिंतीला हात लावून वाकलंय, एक एका कुशीवर. वर कुणाच्या तरी हाताने लिहिलंय, रोज दोन वेळा, दहा मोजायचे. म्हणजे गेलीस. डॉक्टरकडे गेलीस! हे मला कळायला वेळ लागला, कारण चित्रं बघूनच डोळे भरले होते.

मग कागद उलटा केला. मागे तुझं अक्षर. आपल्या वहीत लिहितात त्याच क्रमाने, लहानपणी तू माझ्यासाठी लिहायचीस तसं.

छाती चौतीस. कंबर अठ्ठावीस. बाही बावीस. खांदा ते कंबर, उजवा साडेपंधरा. खांदा ते कंबर, डावा साडेचौदा. भराव नको.

आणि खाली एकच ओळ, 'दुकानातले तयार कपडे मला का बसत नाहीत म्हणून तीन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते.'

ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. तू घर सोडलंस आणि पहिला तयार शर्ट घातलास तेव्हा आरशात काय दिसलं असेल, ते मी एकदाही मनात आणलं नव्हतं. माझ्या शिलाईबाहेर गेल्यावर तू वाकडी दिसली असशील, आणि तुला वाटलं असेल आपण घर सोडलं म्हणून काहीतरी बिघडलं. मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते फार सोपं आहे. तू हवा तेवढा वेळ घे.

नव्या कोटासाठी कापड आणलं. गडद हिरवं, तुला आवडतं ते. आज सकाळी बेतायला घेतलं. उजवा मुंढा वेगळा, डावा मुंढा वेगळा. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी दोन वेगळे खांदे आखले आणि दोन्ही जसे आहेत तसे कापले. कुठे काही भरलं नाही. खडूची रेघ उतरती आली तेव्हा हात थांबला जरा, सवय आहे ना. मग कापलं.

आता एक अडचण आहे. तू सगळी मापं दिलीस आणि शेवटी लिहिलंस, 'पाठ'. पुढे काही नाही. जागा सोडली आहेस.

पाठीचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, हे तुला माहीत आहे. पट्टी मागे धरली की ती सरकते. छातीचं आणि खांद्याचं तू कसं घेतलंस तेही कळलं मला, हनुवटीखाली पट्टी दाबून, लहानपणी घ्यायचीस तसं. त्यामुळे छाती अर्धा इंच चुकली आहे. पण पाठीची जागा तू चुकून सोडलीस की माझ्यासाठी सोडलीस, हे मला कागदावरून सांगता येत नाही. मी शंभर वेळा बघितलं. काजमावशीलाही दाखवलं. ती म्हणाली, "तू मापाची बाई ना, मग जाऊन माप घे."

म्हणून पुढच्या रविवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. पट्टी पर्समध्ये टाकली आहे. कोट पाठ सोडून बाकी कच्च्या टाक्यांवर आहे, तोही घेऊन येते. अर्ध्या तासाचं काम आहे. पाठ मोजेन, ट्रायल घेईन, तू म्हणशील तेव्हा निघेन. मॅडमनी कापडाचा कणा दिलाय सोबत, तुझ्या चित्रांतला व्यायाम मला नीट समजावून घ्यायचाय.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी फोन लावीन. मी यायला नको असेल तरच उचल. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो उचलला जाऊ नये असं मला वाटतंय. रिंग पूर्ण संपेपर्यंत मी कानाला धरून बसेन.

आई